आपण गिलानसेवा विसरलो काय?

गेली वीस-बावीस वर्षे धम्मचक्र प्रवर्तन दिनी मी दीक्षाभूमीवर असतो. बाहेरगावाहून येणाऱ्या बांधवांसाठी आम्ही काही वकील मित्र मिळून कायदेविषयक सल्ल्याचा आणि पुस्तकांचा स्टॉल लावतो. कुणी सातबारा घेऊन येतो, कुणी जातवैधता प्रमाणपत्राची अडचण सांगतो, कुणी अॅट्रॉसिटीच्या तक्रारीचा कागद पुढे करतो. यंदा स्टॉल लागला, पण मी त्यावर नव्हतो. अशोक विजयादशमीच्या दोन दिवस आधी तापाने फणफणलो. रक्त तपासले, डेंग्यू निघाला. प्लेटलेट भराभर घसरू लागल्या म्हणून शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात, मेडिसिनच्या जनरल वॉर्डात भरती झालो.

पाच दिवस मी तिथे होतो. पाच दिवसांच्या मुक्कामाचे ते काय एवढे, असे कुणी म्हणेल. या आजाराने माणसे दगावतात, त्यांच्यापुढे माझे दुखणे किरकोळच. पण त्या खाटेवर पडल्या पडल्या माझ्या स्वतःच्या धम्माचरणाविषयी जे दिसले, ते इतक्या वर्षांत व्यासपीठावरून दिसले नव्हते. ते चळवळीतल्या माणसांपुढे मांडावे, म्हणून हे लिहीत आहे.

डेंग्यूवर नेमके औषध नाही. एडिस जातीचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. उन्हाळा संपल्यावरही आम्ही नागपूरकर कूलरच्या टाकीतले पाणी काढत नाही, त्याचे हे फळ. सलाईन द्यायचे, ताप उतरवायचा, रक्तस्राव होतो काय यावर लक्ष ठेवायचे आणि शरीर स्वतःहून सावरेपर्यंत वाट पाहायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. निरोगी माणसाच्या रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा आकडा २४ हजारांवर आला. भेटायला येणारा प्रत्येक जण एकेक उपाय सांगत होता. कुणी पपईच्या पानांचा रस आणला, कुणी किवी आणले, एकाने तर शेळीचे दूध मिळवण्यासाठी अर्धे शहर पालथे घातले. निवासी डॉक्टरांनी मात्र सांगितले, उठायचे नाही, पडायचे नाही, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आले तर लगेच हाक मारायची.

ती रात्र मी विसरणार नाही. वॉर्डातले दिवे अर्धे मालवले होते. पत्नी खाटेखाली चटई टाकून दमून झोपली होती. मी दर दहा मिनिटांनी जीभ हिरड्यांवरून फिरवून रक्ताची चव येते काय ते पाहत होतो. मुलगी दहावीत आहे, घराचे कर्ज बाकी आहे, अमक्या अशिलाची तारीख सोमवारी आहे, असे एकेक डोक्यात येत होते. आणि खरे सांगायचे तर त्या रात्री मला कुणाला तरी हात जोडावेसे वाटले. तारणारा कुणी नाही, नवस-सायास नको, गंडेदोरे नको, असे ज्याने शेकडो सभांतून सांगितले त्या माणसाला तसे वाटले. हे लिहिताना लाज वाटते. पण जे खरे घडले ते लपवून धम्मावर लेख लिहिता येत नाही.

शेजारच्या खाटेवर एक वयस्क गृहस्थ होते. त्यांची पत्नी रात्रभर जागीच असे. मी तळमळताना पाहून त्या बाई उठून माझ्याजवळ आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी कागदाची पुडी काढली आणि म्हणाल्या, ‘घ्या भाऊ, लावून घ्या थोडा. आमच्या यायले बी लावला.’ पुडीत कुठल्याशा देवस्थानाचा अंगारा होता. माझा हात उशीवरून अर्धा उचलला गेला होता, हे मला आठवते. मग मी म्हणालो, ‘नको ताई, आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात हे नसते.’ त्या रागावल्या नाहीत. पुडी परत पदरात बांधली, माझे कपाळ चाचपले, म्हणाल्या, ‘ताप उतरून राहिला, झोपा आता.’ आणि मला झोप लागली.

सकाळी विचार केला, झोप कशाने लागली? अंगारा तर लावला नव्हता. एका अनोळखी बाईचा हात कपाळावर पडला, ‘तू एकटा नाहीस’ हे न बोलता कळले, म्हणून झोप लागली. मग प्रश्न पडला. बाबासाहेबांच्या शब्दाखातर आपण देव्हारे रिकामे केले, आणि ते योग्यच केले. पण ज्या माणसाच्या हातात अंगारा असतो, तो रात्री दोन वाजता रुग्णाजवळ येतो. आपल्या रुग्णाजवळ रात्री दोन वाजता कोण येतो? अंगारा नाकारणे सोपे आहे, मीही तो नाकारला. अंगारा घेऊन येणाऱ्या माणसाची जागा आपण भरली काय?

या प्रश्नाचे उत्तर तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी दिलेले आहे. विनयपिटकात ती कथा आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या आठव्या खंडात, बुद्धांच्या मानवतेविषयी लिहिताना, बाबासाहेबांनी ती आवर्जून घेतली आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत तथागत तिथे आले. तुझी शुश्रूषा कोण करतो, असे त्यांनी विचारले. कुणी नाही, असे तो म्हणाला. का नाही, असे विचारल्यावर त्याने जे कारण सांगितले ते काळजाला भिडणारे आहे. मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत, असे तो म्हणाला. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. मग संघाला एकत्र बोलावून तथागतांनी सांगितले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेईल? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने रुग्णाची करावी.

या सेवेला गिलानसेवा म्हणतात. गिलान म्हणजे रुग्ण. चांगला शुश्रूषक कसा असावा, हेही तिथेच सांगितले आहे. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य काय आणि अपथ्य काय हे कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने त्याने सेवा करावी, मलमूत्राची आणि ओकारीची किळस करू नये, आणि धम्माच्या बोलांनी रुग्णाचे मन उभारावे. यात कुठे चमत्कार नाही, मंत्र नाही. पाणी, औषध, पथ्य, मैत्री आणि धीराचा शब्द एवढेच आहे. पुढे सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी उपचाराची व्यवस्था केल्याचे आणि औषधी वनस्पती लावल्याचे कोरून ठेवले. शुश्रूषेला त्याने राज्यकारभारात स्थान दिले.

तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत, हे आपण नेहमी सांगतो. खाटेवर पडून मला त्याचा अर्थ नव्याने कळला. मोक्षदाता असता तर सगळी जबाबदारी त्याच्यावर टाकून मोकळे होता आले असते. मार्गदाता असल्यामुळे रुग्णाजवळ जाऊन बसण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

दोन बाणांचा दृष्टांत आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. शरीराची वेदना हा पहिला बाण. त्या वेदनेपायी मन जो शोक आणि भय करते तो दुसरा. शहाणा माणूस पहिला बाण सोसतो, दुसरा लागू देत नाही. त्या रात्री मला लागला होता तो दुसरा बाण. पण वॉर्डात चार दिवस डोळे उघडे ठेवल्यावर मला वाटू लागले की आपल्या समाजाच्या रुग्णांना एक तिसरा बाणही लागतो. सुत्तात तो नाही, ही भर माझी आहे. हा बाण समाज मारतो. सिद्धार्थाने २९ व्या वर्षापर्यंत आजारी माणूस पाहिलाच नव्हता, ही परंपरागत कथा बाबासाहेबांना पटली नाही, हे आपण जाणतोच. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत झालेला कलह पुढे आणला. दुःख जसे देहातून येते तसे माणसाने माणसाशी केलेल्या व्यवहारातूनही येते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. तो मला समोरच्याच खाटेवर दिसला.

समोर सोळा वर्षांचा एक मुलगा होता. उत्तर नागपुरातल्या आपल्याच वस्तीतला, अकरावीत शिकणारा. त्याला सिकलसेल आहे. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग असह्य वेदना सुरू होतात. ‘हाडं कुटून राहिल्यासारखं वाटते’ असे तो म्हणाला. वेदना वाढल्या की उशी दातांत धरायचा, पण ओरडायचा नाही. त्याच्या आईने मला जयभीम घातला, आणि मी वकील आहे हे कळताच पहिली विनंती केली ती ही: ‘पोराचं नाव कुठी काढू नका जी भाऊ. पोरीच्या लग्नाचं चालू हाये.’

हा तिसरा बाण. विदर्भात आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांत हा आजार मोठ्या प्रमाणात आहे, आणि आपल्या बौद्ध वस्त्या त्यात आहेत. तो कुणाच्या पापामुळे होत नाही, तो आनुवंशिक आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच जण वाहक असेल तर आजारी मूल जन्मत नाही. म्हणजे लग्नाआधी साधी रक्ततपासणी केली तर पुढचे पुष्कळ दुःख टळते. हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे आहेत, भरपूर पाणी पिणे आणि थंडीपासून जपणे याने त्रास कमी होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्राची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचा भर आदिवासी भागांवर आहे, म्हणून शहरातल्या आपल्या वस्त्यांनी स्वतःहून तपासणीसाठी पुढे आले पाहिजे. पण आपण काय करतो? आजार लपवतो. पोट-जात विचारून स्थळे ठरवतो, पण रक्ताचा अहवाल विचारायला लाजतो. कुठे अहवाल कळलाच, तर अख्ख्या घराला डाग लागल्यासारखे वागवतो. ज्या समाजाने विटाळाचा कलंक हजारो वर्षे सोसला, त्याने आपल्याच लेकरांच्या रक्ताला कलंक मानावे?

धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दुपार. खिडकीबाहेरून पांढऱ्या वस्त्रांतले जथे जात होते. निळे झेंडे, पंचशील ध्वज, गाड्यांवरची भीमगीते. मुलगा मान वळवून पाहत होता. दरवर्षी तो भोजनदानाच्या पंगतीत पाणी वाटायला जातो. त्याच्या आईने आणि मी हलक्या आवाजात त्रिशरण-पंचशील घेतले, तो झोपूनच आमच्यामागे म्हणाला. तेवढ्यात त्याच्या पायाच्या वेदना वाढल्या. गरम पाण्याच्या पिशवीने त्याला आराम पडतो. आई उठायच्या आत ती पिशवी भरून आणली अंगाऱ्याच्या पुडीवाल्या ताईंनी. त्याचे पाय मांडीवर घेऊन त्या शेकत बसल्या. धम्म न स्वीकारलेली बाई गिलानसेवा करीत होती, आणि धम्मावर भाषणे देणारा मी खाटेवरून पाहत होतो.

वॉर्डात आणखी एक माणूस होते, ज्यांच्याकडे कुणी पाहत नसे. सफाई करणाऱ्या मावशी. मला उठायची मनाई असल्यामुळे माझे मलमूत्र त्यांना उचलावे लागले. पहिल्या दिवशी मी मान फिरवून घेतली. नंतर विचारपूस केली तेव्हा म्हणाल्या, ‘आम्ही कायचे कर्मचारी साहेब? ठेकेदाराचे माणसं.’ दोन महिन्यांचा पगार थकला होता. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आपल्याकडे आहे. ते मला तोंडपाठ आहे, त्या मावशींना कुणी सांगितले नव्हते. आता त्यांचा आणि त्यांच्या सोबतिणींचा अर्ज तयार करून दिला आहे. रुग्णाचे मलमूत्र उचलण्यात तथागतांनी कमीपणा मानला नाही. आपण ते काम जन्माने ठरलेल्या हातांवर सोडून दिले, आणि आता ठेकेदारावर.

बाबासाहेबांचे आजारपण आठवले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी या नागपुरात लाखोंना दीक्षा देताना ते किती आजारी होते, हे छायाचित्रांतही दिसते. हातात काठी, मधुमेहाने पोखरलेले शरीर, दुखणारे पाय. त्यानंतर ५३ दिवसांनी महापरिनिर्वाण झाले, आणि त्या ५३ दिवसांतही ते चांद्याला गेले, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी नमूद केले आहे की आपण मरणाच्या दारातून परतलो ते पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे. १९५७ च्या मूळ आवृत्तीत ती प्रस्तावना छापली गेली नाही, हा वेगळा विषय. पण पाहा, आयुष्य वाढले याचे श्रेय त्यांनी दैवाला दिले नाही. ज्यांनी शुश्रूषा केली त्यांची नावे त्यांनी घेतली. धम्मात कृतज्ञता अशी व्यक्त होते.

वकील म्हणून दोन गोष्टी सांगणे कर्तव्य समजतो. रुग्णाला तातडीचे उपचार मिळणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये आणि पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. तेव्हा ‘जागा नाही’ म्हणून अत्यवस्थ रुग्णाला दारातून परत पाठवले, तर निमूट परतू नका. दुसरे, धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून आहे. खाट नाकारली तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. आपले किती बांधव ही खाट मागतात? बहुतेकांना ती मागता येते हेच ठाऊक नसते.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी आमच्या जुन्या वस्तीत गेलो. तिथे आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते आहेत. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या, मला पहिल्यांदा सभेत बोलायला त्यांनीच उभे केले. अडीच वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. तेव्हा मी एकदा जाऊन आलो, फळे ठेवली, फोटो काढला. नंतर गेलो नाही. वेळ नव्हता असे मी स्वतःला सांगत असे. खरे कारण त्या अतिसाराने पडलेल्या भिक्खूने सांगितलेले आहे. आता ते चळवळीच्या काही उपयोगाचे नव्हते.

त्यांनी मला ओळखले. तोंड वाकडे झाल्यामुळे शब्द फुटत नाहीत. काकूंनी चहा ठेवला. म्हणाल्या, ‘तुमची सभा-मोर्च्याची बातमी आली की पेपर समोर धरून बसतात. कोणी येत नाही बापा आता.’ मी खाली मान घालून त्यांची नखे कापली. दुसरे काही सुचले नाही.

मित्रहो, आपण विहारे बांधली, पुतळे उभारले, जयंत्या मोठ्या केल्या. त्यात काही चुकले नाही. पण प्रत्येक विहारात एक वही असावी, आणि तिच्यात वस्तीतल्या रुग्णांची नावे असावीत. आठवड्यातून एक दिवस कुणाकडे कोण जाणार, रात्री रुग्णालयात कोण थांबणार, रक्त कोण देणार, सरकारी योजनेचे कागद कोण करून देणार, हे रविवारच्या वंदनेनंतर ठरावे. वधू-वर मेळाव्यात बायोडाट्यासोबत सिकलसेलचा अहवाल ठेवायला आपण लाजू नये. याला निधी लागत नाही, अध्यक्ष लागत नाही, फलक लागत नाही. आमच्या विहारात वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर अकरा नावे आहेत. दर बुधवारी संध्याकाळी, कोर्ट सुटल्यावर, ज्येष्ठ कार्यकर्त्यांकडे जाण्याची पाळी माझी आहे.